आनंदपूर ते सरहिंद, आईला आणि पोराला घेऊन: डिसेंबरात जाणार असाल तर वाचा

मी नांदेडचा. म्हणजे जन्म, शाळा, बारावी सगळं नांदेडला, आता १४ वर्षं झाली पुण्यात. नांदेडच्या पोरांना गुरुद्वारा म्हणजे काय ते सांगायला लागत नाही, परीक्षेच्या आधी मत्था टेकायचा, कडा प्रसादाचा गोळा ओंजळीत घ्यायचा आणि तुपाचा हात केसांना पुसायचा, पाहुणे आले की त्यांना दाखवायला न्यायचं, आणि खिशात पैसे नसले की लंगर आहेच. अरदास (शिखांची प्रार्थना) सुरू झाली की सगळे उभे राहतात म्हणून आपणही उभं राहायचं, मधेमधे सगळे 'वाहेगुरू' म्हणतात तिथे आपणही म्हणायचं. त्यात नेमकं काय बोलतात ते मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही, खोटं कशाला बोलू.

मग दोन वर्षांपूर्वी पोराच्या शाळेत वीर बाल दिवसाचं भाषण आलं. गुरु गोबिंदसिंगांच्या धाकट्या दोन मुलांच्या बलिदानाची आठवण म्हणून २०२२ पासून २६ डिसेंबरला तो पाळतात. पोराने नेटवरून चार ओळी पाठ केल्या आणि मला विचारलं, बाबा, त्या दोघांना भिंतीत का घातलं? मी म्हटलं, धर्म बदलला नाही म्हणून. तो म्हणाला ते लिहिलंय इथे, पण ते पकडले कसे गेले, आणि त्यांचे बाबा कुठे होते? मला नाही सांगता आलं. बायको हसून म्हणाली, तू तर नांदेडचा ना. तेव्हा ठरवलं की एकदा जाऊन यायचं, आणि त्या तारखांनाच जायचं. गेल्या डिसेंबरात जमलं. मी, आई (वय ६७, गुडघे जेमतेम) आणि पोरगा (वय ९). बायकोला सुट्टी मिळाली नाही.

आधी जाण्याचं सांगतो. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस (१२७१५) सोयीची, सकाळी सुटते, औरंगाबाद-मनमाड-भोपाळ-दिल्ली करत अमृतसरला जाते, आपण अंबाल्याला उतरायचं. पुण्या-मुंबईकडच्यांनी सरळ चंदीगड गाठावं, तिथून सरहिंद साधारण ५० किलोमीटर. आणि हे नीट लक्षात ठेवा, डिसेंबरच्या शेवटी तिकडे असं धुकं पडतं की समोरच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा दिसत नाही, गाड्या, विमानं, टॅक्सी, कशाचाच वेळेचा भरवसा धरू नका. जाताना एक आणि येताना एक दिवस हातचा ठेवा. आम्ही अंबाल्याहून टॅक्सी केली, चार दिवसांसाठी, एकट्याने जात असाल तर बस भरपूर आहेत पण बऱ्याच बसवर पाटी गुरुमुखीत असते, विचारत जावं लागतं. हिंदी सगळ्यांना येते.

सुरुवात आनंदपूर साहिबपासून करा, उलटं करू नका. सगळी गोष्ट तिथून निघते. तख्त केशगढ साहिब टेकडीवर आहे, १६९९ च्या वैशाखीला गुरु गोबिंदसिंगांनी खालसा (दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ) स्थापन केला तो इथेच. भर सभेत तलवार उपसून शीर मागितलं, एकेक करत पाच जण उठले, ते पंज प्यारे. शाळेत आपण हे वाचलेलं असतं पण एक गोष्ट तिथे गेल्यावर डोक्यात शिरली, की ही शीर देण्याची भाषा गुरु नानकांपासूनची आहे, २०० वर्षं आधीची. प्रेमाचा खेळ खेळायचा असेल तर शीर तळहातावर घेऊन माझ्या गल्लीत ये, अशा अर्थाचं त्यांचं वचन आहे. आपण मराठीत 'शिर तळहातावर घेऊन' सर्रास म्हणतो, पण आपल्या डोळ्यासमोर येतो लढणारा मावळा. इथे तो शब्द आधी भक्तीसाठी आला, तलवार नंतर आली.

आनंदपूरलाच सीसगंज साहिब आहे. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीत चांदणी चौकात गुरु तेगबहादुरांचं शीर उतरवलं, ते शीर भाई जैतांनी लपवून इथपर्यंत आणलं आणि इथे दहन झालं. धड दिल्लीतच राहिलं, लखी शाह वंजारा नावाच्या माणसाने ते आपल्या घरात ठेवून घरालाच आग लावली, म्हणजे कुणाला कळू नये. आज दिल्लीला संसद भवनाजवळ रकाबगंज साहिब आहे ती ती जागा. गुरु गोबिंदसिंग तेव्हा ९ वर्षांचे होते. माझ्या पोराने लगेच हिशेब केला, माझ्याएवढे. (हा हिशेब पुढे सगळ्या ट्रिपभर चालू राहिला.)

विरासत-ए-खालसा म्युझियम बघा, २०११ मध्ये सुरू झालंय, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. आम्ही सोमवारी पोचलो नाही हे आमचं नशीब, कारण मी चेक केलं नव्हतं. तीन तास तरी ठेवा. आईने बाहेरच्या बाकावर बसून दाणे खाल्ले, ती म्हणाली मला मशीनवरचा इतिहास नको.

आता गोष्टीचा क्रम सांगतो म्हणजे वाट कळेल. १७०४ च्या डिसेंबरात (काही अभ्यासक १७०५ धरतात) आनंदपूरला कित्येक महिन्यांचा वेढा होता, आत खायला राहिलं नव्हतं. मोगल आणि डोंगरी राजांनी शपथेवर सांगितलं की किल्ला सोडा, सुखरूप जाऊ देतो. बाहेर पडल्यावर शपथ मोडली. रोपडच्या अलीकडे सरसा नदी आहे, त्या रात्री तिला पूर होता, मागून फौज, तिथे कुटुंबाची फाटाफूट झाली. गुरु आणि मोठी दोन मुलं एकीकडे, गुरुंची आई माता गुजरी आणि धाकटी दोन मुलं दुसरीकडे, गुरुंच्या पत्नी माता सुंदरी आणि माता साहिब देवां दिल्लीकडे. तिथे आता परिवार विछोडा नावाचा गुरुद्वारा आहे. बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, गुडघेवाल्यांनी आधीच विचार करा. वरून नदी दिसते, आम्ही गेलो तेव्हा एवढंसं पाणी, पोरगा म्हणाला ही तर मी उडी मारून पार करेन. आई एवढंच म्हणाली, 'विछोडा म्हणजे ताटातूट ना रे?' आणि मग गाडीत बराच वेळ बोलली नाही. माता साहिब देवां नंतर नांदेडला आल्या होत्या, नांदेडजवळ त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे, लहानपणी आम्ही तिथे सहलीला जायचो. डबा खायला.

चमकौर साहिब. इथे मला खरं सांगायचं तर आधी निराशा झाली. वाचून गेलो होतो की मातीची कच्ची गढी, आत ४० शीख आणि बाहेर प्रचंड फौज. डोक्यात एक चित्र होतं. तिथे आहे संगमरवर. पांढरा, चकचकीत, भव्य. पंजाबात जवळजवळ सगळीकडे हेच झालंय, कारसेवेत जुन्या विटा गेल्या आणि संगमरवर आला, भक्तीने केलंय हे कबूल पण आपल्यासारख्या बघ्याला त्या रात्रीचं काही हाती लागत नाही. गढी साहिब म्हणजे गढीची जागा आणि कत्लगढ साहिब म्हणजे लढाई झाली ती जागा, दोन्ही जवळजवळ आहेत, चालत होतात.

इथे पाच-पाच जणांच्या तुकड्या बाहेर पडत होत्या आणि परत येत नव्हत्या. साहिबजादा (म्हणजे गुरुंचा मुलगा) अजितसिंग १८ वर्षांचा, तो गेला. मग १४ वर्षांचा जुझारसिंग गेला. बापाने स्वतः पाठवलं. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पुढचं मला माहिती नव्हतं. रात्री जे थोडे शीख उरले त्यांतल्या पाच जणांनी गुरुंना हुकूम केला की तुम्ही निघून जा. विनंती नाही, हुकूम, कारण खालसा स्थापन करताना गुरुंनीच पंज प्याऱ्यांच्या हातून अमृत (म्हणजे दीक्षा) घेऊन पंचांना तो अधिकार दिला होता. आणि त्यांनी ऐकलं. दोन मुलं बाहेर मैदानात पडलेली असताना ते तिथून निघाले. आपल्याकडे बलिदान म्हटलं की मरण एवढंच डोक्यात येतं, तिथे उभं राहून मला वाटलं की त्या रात्री मरणं सोपं होतं, जगायचा हुकूम पाळणं जड गेलं असेल.

हे मला सांगितलं ते माझ्या शेजारी बसलेल्या एका रिटायर मास्तरांनी, रोपडच्या बाजूचे होते, आम्ही महाराष्ट्रातले कळल्यावर त्यांनी हिंदीत बोलायला सुरुवात केली. मग अरदास झाली, सगळे उभे राहिले, आणि ती संपल्यावर मी धीर करून विचारलं की बाबाजी, बचपन से सुन रहा हूँ, इसमें बोलते क्या हैं. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग जोडा घराच्या (चपला-बूट ठेवायची जागा) बाहेर कट्ट्यावर बसून त्यांनी मला एकेक तुकडा सांगितला.

आधी गुरुंची नावं. मग पंज प्यारे, चार साहिबजादे, चाळीस मुक्ते (मुक्तसरला लढून मेलेले चाळीस शीख). मग ज्यांनी धर्मासाठी शीर दिलं, ज्यांचे सांधे सांधे कापले, ज्यांची कवटी उतरवली, ज्यांना चरखीवर चढवलं, ज्यांना करवतीने चिरलं, त्यांची कमाई आठवा आणि बोला वाहेगुरू. मी म्हटलं हे असं उदाहरणादाखल म्हणतात का? मास्तर म्हणाले, 'उदाहरण नहीं है बेटा, नाम हैं सब के.' सांधे कापले ते भाई मणीसिंग, लाहोरला, १७३० च्या दशकात. कवटी उतरवली ती भाई तारूसिंगांची, १७४५. चरखी म्हणजे खिळ्यांचं चाक, त्यावर सुबेगसिंग आणि त्यांचा तरुण मुलगा शाहबाजसिंग. करवत भाई मतीदास, १६७५, दिल्ली, गुरु तेगबहादुरांच्या डोळ्यांदेखत. आणि हे रोज. सकाळ-संध्याकाळ, लग्नात, बारशाला, दुकान उघडताना, पोराची ऍडमिशन झाली तरी. मी लहानपणापासून त्या 'वाहेगुरू'च्या जागी वाहेगुरू म्हणत होतो, म्हणजे कशाला म्हणत होतो ते मला चाळिशीला चमकौरच्या कट्ट्यावर कळलं.

आपल्याकडे हुतात्मा चौक म्हणजे बसस्टॉप झालाय. कुणाला दोष देत नाही, मीसुद्धा तिथे उतरून चहाच प्यायचो. पण मास्तरांनी अजून एक सांगितलं ते लिहून ठेवलं, शहीद या शब्दाचा मूळ अरबी अर्थ साक्षीदार. हुतात्मा म्हणजे ज्याने आहुती दिली तो, त्यात द्यायचं आणि संपायचं. साक्षीदार म्हटलं की तो काहीतरी सांगतोय, आणि ऐकणारा कुणीतरी लागतो. म्हणून अरदास रोज, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं.

माछीवाड्याचं थोडक्यात सांगतो कारण आम्ही तिथे तासभरच होतो. जंगल होतं तिथे आता गाव आहे. चमकौरहून निघालेले गुरु एकटे, पाय सोललेले, इथे पोचले, आणि गनी खान-नबी खान या दोन पठाण भावांनी त्यांना 'उच्च दा पीर' (उच्च गावचे मुसलमान संत) म्हणून पालखीत घालून फौजेच्या मधून बाहेर काढलं. मुसलमानांनी वाचवलं हे तिथला प्रत्येक जण आवर्जून सांगतो.

आता फतेहगढ साहिब, म्हणजे सरहिंद. सल्ल्याची सगळ्यात जास्त गरज इथे आहे.

शहीदी सभा २५ ते २७ डिसेंबर. या तीन दिवसांत लाखो लोक येतात. आम्ही २४ ला संध्याकाळी पोचलो आणि ऑनलाइन बुक केलेल्या हॉटेलवाल्याने सांगितलं की रूम नाही, पैसे परत करतो. बाहेर ६ डिग्री. सरायमध्ये खोल्या कधीच्या भरलेल्या, शेवटी हॉलमध्ये जागा मिळाली, खाली गाद्या, वर जाड रजया, शेजारी भटिंड्याहून ट्रॉलीत बसून आलेलं एक अख्खं खानदान. मी आईची माफी मागत होतो तर शेजारच्या आजी म्हणाल्या, अहो या दिवसांत आम्ही घरीसुद्धा खालीच झोपतो, माता गुजरी आणि ती लेकरं थंडीत होती, आपण पलंगावर कसं झोपायचं. पौषातले हे दिवस, लग्नंबिग्नं कोणी काढत नाही म्हणाल्या. तेव्हापासून मी तक्रार बंद केली. तरी तुम्ही चंदीगडला किंवा राजपुऱ्याला राहा आणि रोज पहाटे या, म्हातारं माणूस बरोबर असेल तर नक्कीच. गाडी लांब अडवतात, आम्हाला एका बाजूने ५-६ किलोमीटर चालावं लागलं, शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने आईला ट्रॉलीत घेतलं. आई ट्रॉलीत गवतावर बसून हात हलवत गेली, एवढ्या वर्षांत मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

इथे झालं ते असं. माता गुजरी आणि दोन नातू, झोरावरसिंग ९ वर्षांचा आणि फतेहसिंग जेमतेम ६, त्यांच्याच घरी पूर्वी स्वयंपाकाला असलेल्या गंगूने पकडून दिले. सरहिंदच्या सुभेदाराने, वजीर खानाने, त्यांना ठंडा बुर्जमध्ये ठेवलं. हा बुर्ज मुळात उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधलेला, डिसेंबरात तिथे काय होत असेल बघा. दरबारात पोरांना धर्म बदला म्हणून बोलावलं, आमिष दाखवलं, धमकावलं, दोघं नाही म्हणाले. मालेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान, ज्याचा स्वतःचा भाऊ शिखांशी लढताना मेला होता, तो भर दरबारात म्हणाला की बापाचं वैर या दुधपित्या लेकरांवर काढणं इस्लामात बसत नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही. परंपरा सांगते की भिंत चिणत आणली, ती ढासळली, मग गळे कापले. बातमी ऐकून माता गुजरींनीही प्राण सोडला.

माझ्या पोराने रांगेत विचारलं, त्यांची आई कुठे होती? हे मात्र मी वाचून आलो होतो. आई माता जीतो १७०० मध्येच वारल्या होत्या. म्हणून आजी. पोरगा 'बरं' म्हणाला, आणि आईने काही न बोलता त्याची कानटोपी ओढून कानाच्या खालपर्यंत आणली, जी तो सकाळपासून वर सरकवत होता. या वेळी त्याने ती परत वर नाही केली.

रांगा: मुख्य गुरुद्वाऱ्याच्या तळघरात भोरा साहिब, तिथे ती भिंत जपलेली आहे, आम्हाला ४ तास लागले. पहाटे ३ ला गेलात तर लवकर होईल असं सेवादार म्हणाले. ठंडा बुर्ज त्याच आवारात, तोही आता नव्याने बांधलेला संगमरवरी. सॉक्स घालून जा, आत चालतात, नाहीतर ओल्या फरशीवर पाय बधिर होतात (आधी पाय धुवायचं पाणी असतं, त्यामुळे सॉक्सचे तीन जोड ठेवा). डोक्याला घरचाच रुमाल न्या. आत फोटो नाही, ग्रंथसाहिबाकडे पाय करून बसायचं नाही, तंबाखू-सिगरेट खिशातसुद्धा नको, आपल्या गायछापवाल्यांनी विशेष लक्ष द्या. जोडा घराचं टोकन पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवा. मी वरच्या खिशात ठेवलं आणि हरवलं, मग सेवादारांनी मला आत घेऊन म्हटलं शोधा तुमचे, आणि हजारो बुटांत मी आईच्या चपला पाऊण तास शोधल्या. तिथे बूट पुसायला बसलेला माणूस चांगला सूटबूटवाला होता, त्याने माझेही बूट पुसून दिले, मला कसंतरीच झालं.

लंगरचं काय सांगू. सरहिंदच्या दहा-पंधरा किलोमीटर आधीपासून रस्त्यावर गावागावांचे मांडव, पोरं रस्त्यात हात आडवे करून गाडी थांबवतात, 'परशादा छक के जाओ जी', म्हणजे जेवून जा. मक्याची रोटी, साग, कढी-भात, चहा. साधंच, कारण हे दुःखाचे दिवस आहेत, जत्रा नाही. एका ठिकाणी सहा-सात वर्षांचा एक मुलगा स्टुलावर उभा राहून कागदी कपात गरम दूध देत होता. मोती राम मेहरा नावाच्या माणसाने जिवावर उदार होऊन बुर्जमधल्या लेकरांना दूध पोचवलं होतं, म्हणून दूध. तो मुलगा कप काठोकाठ भरायचा, मग तो उचलता यायचा नाही, मग थोडं परत पातेल्यात ओतायचा, जीभ बाहेर काढून, फार मन लावून, आणि प्रत्येकाला तेच. मागे मोठी रांग. कोणीही त्याला घाई केली नाही.

आईला सेवा करायची होती. तिला रोट्या लाटायला बसवलं. तिने सवयीने तेल मागितलं आणि घडीची पोळी लाटायला घेतली, आजूबाजूच्या बायका थांबून बघायला लागल्या, मग एकीने विचारलं कुठल्या. आई म्हणाली नांदेड. कळेना. मी म्हटलं, हजूर साहिब. तर ती बाई, आईपेक्षा मोठी असेल, उठली आणि आईच्या पाया पडली. मग दुसरी. आई घाबरून मला म्हणते, 'अरे सांग यांना, मी नुसती शिवाजीनगरला राहते!' त्यांना त्याच्याशी काही नव्हतं, जिथे गुरुंनी देह ठेवला तिथून आलेली बाई. मग गप्पा सुरू झाल्या, आईचं मराठवाडी हिंदी आणि त्यांची पंजाबी, लेकी-सुना-गुडघे सगळं झालं. मी एकीला विचारलं की आज एवढा दुःखाचा दिवस, इथे कोणी रडताना दिसत नाही. ती म्हणाली, रडायला बसले तर या लोकांना रोट्या कोण घालणार, आणि माझ्या पुढ्यात कणकेचे गोळे सरकवले. मलाही बसवलं. माझ्या रोट्या परत परत लाटून घेतल्या गेल्या.

तिथून दीडेक किलोमीटरवर ज्योती सरूप, तिघांचं दहन झालं ती जागा. इतरवेळी चालत २० मिनिटं, गर्दीत दोन तास. परंपरा अशी की दहनाला जमीन हवी तर सोन्याच्या मोहोरा अंथरा म्हणाले, त्याही उभ्या, आणि दिवाण टोडरमल नावाच्या सावकाराने त्या उभ्या लावून जागा घेतली. याच टोडरमलची जहाज हवेली जवळ आहे, तिथे कोणीच जात नाही, तुम्ही जा. पडकी, बारक्या बारक्या जुन्या विटांची. आख्ख्या ट्रिपमध्ये मला १७०४ चा वास तिथे आला, बाकी सगळीकडे फरशी पुसायच्या फिनेलचा.

आणि रौझा शरीफ बघा, गुरुद्वाऱ्यापासून अगदी जवळ. शेख अहमद सरहिंदींची कबर. १६०६ मध्ये लाहोरला गुरु अर्जनदेवांना मारलं तेव्हा ज्यांनी पत्रात समाधान व्यक्त केलं होतं तेच हे, आणि त्यांची कबर फतेहगढ साहिबच्या शेजारी सुखरूप आहे, परदेशातून लोक येतात. मी तिथल्या एका शीख दुकानदाराला विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही का? तो म्हणाला, वाटायचं काय, उरूस असतो तेव्हा धंदा चांगला होतो.

गावाचं नाव फतेहगढ (विजयाचा गड) का, तर १७१० मध्ये बंदासिंग बहादूरने जवळच चप्पडचिडीला वजीर खानाला मारून सरहिंद घेतलं. हा बंदा गुरुंना भेटला तो १७०८ मध्ये, आपल्या नांदेडला, गोदावरीच्या काठी, माधोदास नावाचा बैरागी होता. त्यालाही पुढे १७१६ मध्ये दिल्लीत हाल करून मारलं, बरोबरच्या शेकडो शिखांसकट. चप्पडचिडीला ३२८ फुटी फतेह बुर्ज आहे, मोहालीजवळ, चंदीगडला जाताना वाटेत होतो. आम्ही धुक्यात गेलो, खालचे ३० फूट दिसले.

महाराष्ट्राचा अजून एक धागा, हा मला ट्रिपनंतर जुळला. चारही मुलं आणि आई एका आठवड्यात गेल्यावर गुरुंनी औरंगजेबाला फारसीत पत्र लिहिलं, जफरनामा. चार पोरं मारलीस म्हणून काय झालं, वेटोळं घातलेला साप अजून शिल्लक आहे, अशा अर्थाची ओळ आहे त्यात. औरंगजेब तेव्हा कुठे, तर आपल्याकडे, अहमदनगरला. भाई दयासिंग ते पत्र घेऊन दख्खनेत आले, औरंगाबादला त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे, मी त्या शहरात शंभरदा गेलोय आणि बिबीका मकबऱ्याच्या पुढे कधी गेलो नाही. वढू-तुळापूरला आपण जातो तेव्हा तोच औरंगजेब, १६८९. पंधरा वर्षांचंच अंतर.

एक शंका मात्र तशीच राहिली ती लिहितो. सहा वर्षांच्या पोराच्या मरणाचा अभिमान बाळगायचा हे मला बाप म्हणून अजून पचत नाही. तिथे लहान मुलांना निळे फेटे, छोट्या तलवारी घालून आणतात, फोटो काढतात, मला ते बघवत नव्हतं. मास्तरांना मी हे चमकौरलाच विचारलं होतं, ते चिडले नाहीत, म्हणाले, अभिमान मरण्याचा नाही, 'नाही' म्हणण्याचा. हे उत्तर बरोबर आहे. पण रात्री हॉलमध्ये पोरगा रजईत शेजारी झोपलेला असताना ते पुरलं नाही.

शेवटच्या दिवशीचं नगरकीर्तन बघून निघा, फतेहगढ साहिबपासून ज्योती सरूपपर्यंत जातं. त्या दिवशी मोबाइलला रेंज नसते, भेटायची जागा आधीच ठरवा, पोराच्या खिशात नंबर लिहून ठेवा. यूपीआय चालत नाही म्हणून थोडी कॅश. गर्दी नको असेल तर सरळ फेब्रुवारीत जा, सगळं अर्ध्या दिवसात होईल, पण लंगर, दूध, ट्रॉली यातलं काही दिसणार नाही.

परतीला सचखंडच घ्या, आणि डबा-ताट पिशवीत वर ठेवा, खाली बॅगेत नको. या गाडीत स्टेशन-स्टेशनवर लंगर येतं, आपलं भांडं पुढे करायचं असतं. आम्हाला हे माहिती होतं, तरी दिल्लीला वरण-भात आला तेव्हा डबा सीटखाली शेवटच्या बॅगेत, आई ओरडतेय, मी बॅगेची चेन ओढतोय, आणि पोरगा खिडकीतून थर्मासचं झाकण पुढे करून उभा. सेवादाराने त्या झाकणात बसेल एवढं वाढलं आणि म्हणाला, दोन्ही हात लाव पुत्तर, सांडेल.